मॅक्सिमिलियनचा खटला

‘कॉन्स्टंटाइनच्या (पहिल्या ख्रिस्ती रोमन सम्राटाच्या) आधी एकही ख्रिस्ती माणूस रोमन सैन्यात नव्हता’ असं कुणी म्हटलं, तर ते विधान जरा सैल आहे. तर्तुलियन, ओरिजेन हे सुरुवातीच्या काळातले ख्रिस्ती विचारवंत सैनिकी पेशाच्या विरोधात होते, हे मान्यच. पण इ.स. २९५ मधला मॅक्सिमिलियनचा खटला बघा. आजच्या अल्जीरियातल्या तेबेस्सा इथे या २१ वर्षांच्या पोराने ख्रिस्ती असल्याचं सांगून भरतीला साफ नकार दिला, सैनिकाची खूण म्हणून घालायची शिशाची मुद्राही गळ्यात अडकवू दिली नाही. (बाप स्वतः भरतीच्या कामातला, तरी त्याने पोराला वळवायला नकार दिला!)

तेव्हा खटला चालवणाऱ्या प्रोकॉन्सल (प्रांताचा रोमन कारभारी) दिओनने त्याला सुनावलं, खुद्द सम्राटांच्या तैनातीत ख्रिस्ती शिपाई आहेत. यावर तो एवढंच म्हणाला की त्यांचं त्यांना ठाऊक, मला मात्र ते जमणार नाही. त्याचा शिरच्छेद झाला. म्हणजे सैन्यात नोकरी करणारे आणि ती नाकारणारे, दोन्ही प्रकारचे ख्रिस्ती तेव्हा होतेच.