फुकटचा फोटोग्राफर आणि चार दिवसांचं पॅरिस

खानापूरचा कॅमेरावाला:
काल इथं एकानं लिहिलं, "मित्राकडं चांगला कॅमेरा असताना फोटोग्राफर कशाला आणता? ते पैसे वाचवा आणि बायकोला घेऊन पॅरिसला जा." वाचून डोकं फिरलं. तो कॅमेऱ्याचा मित्र मी आहे. म्हणजे त्याचा नव्हे, तसल्याच दुसऱ्या एकाचा.

माघात त्याचं लग्न झालं. अक्षता १२:३५ ला. मी पहाटे हळदीपासून उभा. कार्यालयात सगळीकडं एलईडी. शटरचा वेग वाढवला की फोटोत पट्ट्या येतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. मग १/१०० सेकंदावर यायचं आणि नवरी हलू नये म्हणून कपिलेश्वराचा धावा करायचा. अंतरपाट सरकायला दोन सेकंद लागतात. नेमके तेवढ्यात तीसभर मोबाईल वर, आणि नवरीच्या मामांचा अख्खा हात माझ्यासमोर. तरी फोटो मिळाला. पण मी अक्षता टाकल्या नाहीत. जेवायला गेलो तर वाढपी पातेली घासत होते.

चौदाशे फोटो, अकरा रात्री एडिटिंग, अल्बम छापला तोही माझ्या पैशानं. बदल्यात कुंद्याचा, म्हणजे आपल्या बेळगावी मिठाईचा, अर्धा किलोचा डबा. महिन्यानं जोडी पॅरिसात, आयफेलसमोर, खाली ओळ: "फोटोग्राफरचे पैसे वाचले म्हणून जमलं!" जा की बाबा पॅरिसला. पण ते सांगायचं कशाला?

शहापूरची वहिनी:
तुला कुणी बांधून नेलेलं काय? "नको, मी जेवायला येणार" म्हणायचं होतं. का तोंडात आधीच कुंदा होता? माझ्या लग्नात, २००३ ला, दिरानं रोलवर फोटो काढले. ३६ फोटोंचा एक रोल कॅमेऱ्यात चढलाच नव्हता. आमची सप्तपदी फक्त भटजींनी आणि अग्नीनं बघितली. दिरानं पैसे मागितले नाहीत, आम्ही भांडलो नाही. आता सगळ्यांना सगळ्याचा हिशेब लागतो.

वडगावचा मागवाला:
वहिनी, नमुनाच चुकीचा दिलात. रोल गेला तो फुकटचा होता म्हणूनच गेला. माझा चुलता नात्यातल्या लग्नाला मागावर साडी विणून द्यायचा. मजुरी घेत नव्हता, पण सूत लोक आणून देत होते. इथं सूतही ह्याचंच.

अनगोळ नाका:
कायदा शिकतोय म्हणून सांगतो. १९५७ चा कॉपीराईट कायदा, कलम १७. मोबदला देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर हक्क मोबदला देणाऱ्याचा. फुकट काढले तर काढणाऱ्याचा. चौदाशेच्या चौदाशे तुझे आहेत भावा. तो स्टेटसला लावतोय ते तुझ्या कृपेनं.

निपाणीचा पंत:
पण कुंदा दिला की. तोच मोबदला.

अनगोळ नाका:
अर्धा किलो कुंदा म्हणजे मोबदला?

शहापूरची वहिनी:
खव्याचा असला तर होय.

वडगावचा मागवाला:
आणि साखरेचाच असला तर? मग हक्क निम्मा काय?

निपाणीचा पंत:
हसू नका. कुंदा खाल्ला म्हणजे व्यवहार मान्य केला. परत पाठवायचा होता.

खानापूरचा कॅमेरावाला:
आईनं खाल्ला.

अनगोळ नाका:
मग हक्क आईचा. गंमत सोडा. हक्काचं निघालंच आहे तर ऐका, आयफेल मनोऱ्याचा दिवसाचा फोटो कुणीही कसाही वापरावा. रात्रीच्या रोषणाईवर मात्र हक्क सांगतात, धंद्यासाठी वापरायचा तर परवानगी लागते. आता जोडीचा रात्रीचा फोटो बघा, कोपऱ्यात ब्युटी पार्लरचं नाव आहे, म्हणजे जाहिरातच. इथं मित्राचा फुकट, तिथं आयफेलचा फुकट.

जहाजवाला:
मी जहाजावर नोकरी केली, व्हेनिस बघितलंय. "उसाशांचा पूल" म्हणून एक आहे, त्याच्याखाली गोंडोल्यात बसून जोड्या मुके घेतात. तो पूल राजवाड्यातून कैद्यांना तुरुंगात न्यायला बांधलेला. गोंडोल्याचे अर्ध्या तासाला ९० युरो. पॅरिसला पाँ देझार पुलावर प्रेमाची कुलपं लावून लावून २०१४ ला कठड्याचा एक भाग कोसळला, २०१५ ला सगळी उतरवली. ह्याला रोमँटिक म्हणतात. राजहंसगडावर जा की संध्याकाळी, फुकटात सोनेरी ऊन.

शहापूरची वहिनी:
स्वतः जग फिरून आला आणि आम्हाला राजहंसगड दाखवतोय! पोरीनं जन्मात एकदा पॅरिस बघितलं तर तुमचं पोट का दुखतंय? व्हिसाचे ९० युरो भरून, बोटांचे ठसे द्यायला रातभर बसनं बेंगळूर गाठून गेलेत ते. माझी पुतणी तशीच गेली, मला ठाऊक आहे.

जहाजवाला:
बेंगळूरच का पण? पुणं जवळ. आमचा बेळगावचा सीमाप्रश्न तेव्हाच सुटला असता तर...

अनगोळ नाका:
झालं. कुंद्यावरून १९५६ च्या राज्य पुनर्रचनेवर आले.

जहाजवाला:
येणारच. तू जन्मलेला नव्हतास.

अनगोळ नाका:
तुम्ही तरी होता काय?

खानापूरचा कॅमेरावाला:
अहो, माझा धागा आहे हा. वहिनी, मी नाही म्हणायला हवं होतं, हे मानतो. पण तो बालवाडीपासूनचा मित्र, जीभ रेटली नाही. आणि पैशाचं म्हणाल तर, दिले असते तरी मी घेतले नसते. काल रात्री पुन्हा सगळे फोटो चाळले. चौदाशेत मी कुठंच नाही. एकात नवरीच्या मागं आरसा आहे, त्यात माझं कोपर दिसतंय, तेवढंच.

शहापूरची वहिनी:
बरं. अल्बमचे पैसे त्यानं द्यायला पाहिजे होते, एवढं तुझं खरं. बाकीचं नाही. आणि ते कोपर कापून टाकू नकोस.

वडगावचा मागवाला:
वहिनींनी काहीतरी मान्य केलं. तारीख लिहून ठेवा.

निपाणीचा पंत:
तुळशीनंतर धाकट्या भावाचं लग्न आहे आमच्यात. कॅमेरा आण असं म्हणत नाही, पण आणलास तर...

खानापूरचा कॅमेरावाला:
पहिली पंगत कितीला बसते तेवढं सांग.