प्रोसेसरआधी मेमरीचे गुणोत्तर पाहावे
सेटएफएसबी या विंडोजमधूनच प्रोसेसरचा वेग वाढवणाऱ्या प्रोग्रामने वेग वाढवताच विंडोज गोठते, म्हणजे क्यू६६०० हा इंटेलचा जुना प्रोसेसर आता थकला, असा निष्कर्ष काढला जातो; तो मला घाईचा वाटतो. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा (प्रोसेसरला मेमरीशी जोडणाऱ्या मार्गाचा) वेग गुणिले एक गुणक; या प्रोसेसरचा गुणक ९ च्या वर जात नसल्यामुळे २.४ चे ३ गिगाहर्ट्झ करायचे तर २६६ मेगाहर्ट्झची बस ३३३ वर न्यावी लागते. परंतु बस आणि मेमरी यांचे गुणोत्तर बायोसमध्ये (मदरबोर्डावरच्या मूळ सेटिंगमध्ये) ठरलेले असते, सेटएफएसबी त्याला हात लावत नाही, आणि त्यामुळे डीडीआर२-८०० मेमरी त्याच ओघात १००० वर ढकलली जाऊन बहुधा प्रोसेसरच्या आधी तीच मान टाकते. बायोसमध्ये हे गुणोत्तर आधी १:१ करून ठेवले, तर बस ३३३ वर गेली तरी मेमरी ६६७ वरच राहते (डीडीआर मेमरीचा आकडा तिच्या घड्याळाच्या दुप्पट धरतात).

गोव्याच्या उकाड्यात वातानुकूलनाशिवाय हा वेग वाढवण्याचा उद्योग करूच नये, असेही सांगितले जाते; तेही मला पूर्णपणे पटत नाही. प्रोसेसर तापला की प्रथम तो स्वतःच वेग कमी करतो. म्हापशाला माझ्याकडच्या यंत्रात तापमान चढत होते ते हवेमुळे नव्हे, तर पावसाळी ओलाव्याने पंख्याखाली धुळीचा नमद्यासारखा थर बसला होता आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या) चार प्लास्टिक खुंट्यांपैकी एक मदरबोर्डातून अर्धी वर आली होती म्हणून. थर काढून, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये नवी थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) लावून, खुंटी नीट दाबल्यावर व्होल्टेज न वाढवता ३ गिगाहर्ट्झ मे महिन्यातही टिकले. सेटएफएसबीचा बदल मात्र संगणक पुन्हा सुरू केला की पुसला जातो, आणि प्रयोग करणाऱ्याला ते सोयीचेच आहे.