सकाळची प्रॉडक्शन मीटिंग तासभर चालते, काय करावं?

टर्नर_भोसरी
भोसरीत आमचं मशीन शॉप आहे, गाड्यांचे पार्ट बनतात. साडेआठला साहेबांच्या केबिनमध्ये मीटिंग. म्हणायला पंधरा मिनिटं, उठेपर्यंत साडेनऊ. साहेब एक्सेल उघडून कालचे आकडे वाचतात. रिजेक्शन निघालं की क्वालिटीवाले म्हणतात सेटिंग चुकलं, आम्ही म्हणतो कास्टिंगच खराब. स्टोअरवाला गप चहा पितो आणि खाली व्हीएमसी मिलिंग मशीन इन्सर्टसाठी, म्हणजे कापायच्या पात्यासाठी, उभी! मीटिंग बंद करा म्हणायची सोय नाही. कुणी मार्ग काढलाय का?

जुना_मेंटेनन्सवाला
आधी केबिनबाहेर या. आम्ही लाइनच्या तोंडाशीच पांढरा बोर्ड लावला होता. रात्रपाळीचा ऑपरेटर घरी जाण्याआधी त्यावर लिहायचा: प्लॅन किती, झाले किती, मशीन कशाने थांबलं. आकडे वाचायचा कार्यक्रमच संपला.

आणि रिजेक्ट पीस समोर ठेवा. आमच्याकडे एका हाउसिंगच्या बोअरवरून, म्हणजे आतल्या गोल भोकावरून, क्वालिटी आणि प्रॉडक्शनची आठवडाभर जुंपली होती. शेवटी बोर्डापाशीच बोअर गेज लावला. एका दिशेला माप जास्त, ९० अंशात फिरवलं तर कमी. सरळसरळ ओव्हल. रात्रपाळीचा पोरगा म्हणाला, ‘क्लॅम्पचं प्रेशर वाढवलंय, पीस हलत होता म्हणून.’ पातळ भिंतीचा पीस. आवळलेला असताना बोअर गोल, सोडला की लंबगोल. त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं हो! पण केबिनमध्ये ऑपरेटरला बोलावतंय कोण?

हिंजवडीची_मी
नुसतं बोर्डापाशी उभं राहून भागत नाही. आमच्या आयटीत स्क्रम नावाच्या कामाच्या पद्धतीतली रोजची मीटिंग नियमाने १५ मिनिटांची, तरी आमचे लीड हजेरी घेतल्यासारखं एकेकाला विचारत पाऊण तास घालवायचे. ‘काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय’ हे तीन प्रश्न स्क्रमच्या नियमपुस्तिकेतूनच, म्हणजे स्क्रम गाइडमधून, २०२० साली वगळलेत, ते दाखवल्यावर थोडे वरमले. आता फक्त अडलेलं काम बोलतो. दोघांची जुंपली तर ते दोघं नंतर थांबतात, बाकीचे सुटतात.

टर्नर_भोसरी
बोर्ड पटला. पण ब्रेकडाउन लिहिलं की आमचे मेंटेनन्सवाले भडकणार.

जुना_मेंटेनन्सवाला
भडकणारच, मीही भडकायचो. कोणामुळे ते लिहू नका. काय बंद आहे, कोण बघतोय, केव्हा चालू होईल, एवढंच. आणि साहेबांना मीटिंगमध्ये चारचौघांत सांगू नका, एकटे गाठा. गुरुवारच्या सुट्टीनंतर शुक्रवारपासून एकाच लाइनवर ट्रायल घेऊ म्हणा. ट्रायलला सहसा कोणी नाही म्हणत नाही.