मिरे, दारुहळद आणि प्रतिजैविके

प्रतिजैविकाच्या गोळीबरोबर मिरपूड घेतल्यास जिवाणू त्या औषधाला करत असलेल्या प्रतिकारावर मात होते, असे एका वाचकाने प्रतिसादात म्हटले आहे. यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली दिसते. मिऱ्यातील पायपरीन या द्रव्याच्या जोडीने क्षयरोगावरील रिफाम्पिसिनची मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमपर्यंत खाली आणणारे औषध भारतात विकसित झाले, हे खरे; मात्र तेथे पायपरीन औषधाचे शरीरातील शोषण वाढवण्यासाठी घातले आहे, जिवाणूच्या प्रतिकारावर मात करण्यासाठी नव्हे.

प्रतिकाराचा मुद्दा दारुहळद या औषधी झुडपात अधिक स्पष्ट दिसतो. आमच्या नाशिकला काष्ठौषधींच्या दुकानात तिचे पिवळेधमक तुकडे मिळतात. हा पिवळेपणा बर्बेरीन या द्रव्याचा. बर्बेरीन जिवाणूंना मारक असले, तरी स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा गळवांसारखे संसर्ग घडवणारा जिवाणू पेशीभित्तीलगतच्या पटलातील नॉर-ए नावाच्या पंपाने ते आत शिरताच बाहेर फेकतो, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचीही तो हीच गत करतो. २००० साली संशोधकांना याच कुळातील वनस्पतींत असे दुसरे द्रव्य सापडले, की जे एकटे जिवाणूला जवळजवळ काहीच करत नाही, परंतु हा पंप बंद पाडते आणि मग बर्बेरीन पेशीत साचू लागते. वनस्पतीने विष आणि त्याचा साथीदार दोन्ही स्वतःच तयार ठेवावेत, हे मला विलक्षण वाटते.

सर्पगंधेतील रेसरपीनही हा पंप रोखते, पण त्यासाठी लागणारी मात्रा माणसाला झेपणारी नाही, आणि बहुतेक द्रव्ये नेमकी येथेच अडतात. त्यामुळे दारुहळदीचा काढा डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांना जोड म्हणून कोणी परस्पर सुरू करू नये.