पुरवठादार जास्त मालावर दर कमी करतो, तेव्हा एका वेळी किती खोकी मागवावीत?

प्रश्न – कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. सांगलीत आमचा हळद दळून पाकिटबंद करण्याचा छोटा उद्योग आहे. पाकिटे भरून पाठवण्यासाठी आम्हाला पाच प्लायची (पाच थरांची), छापील, पुठ्ठ्याची खोकी लागतात. विक्री वर्षभर साधारण सारखीच असल्यामुळे महिन्याला १,००० याप्रमाणे वर्षाला १२,००० खोकी लागतात आणि सध्या आम्ही दर महिन्याला तेवढीच मागवतो.

पुरवठादाराचे दर असे आहेत: २,००० पेक्षा कमी खोकी घेतल्यास ४० रुपये, २,००० ते ४,९९९ घेतल्यास ३८.५० रुपये आणि ५,००० किंवा त्याहून अधिक घेतल्यास ३७.८० रुपये. ज्या टप्प्यात आपण बसतो, त्या टप्प्याचा दर सगळ्याच खोक्यांना लागतो. ऑर्डर लहान असो वा मोठी, टेम्पोभाडे, हमाली आणि माल तपासून घेण्याचा खर्च मिळून प्रत्येक वेळी सुमारे १,५०० रुपये जातात. कॅश क्रेडिटवरचे (बँकेकडून घेतलेल्या खेळत्या भांडवलाच्या कर्जावरचे) व्याज १२ टक्के आहे. जागा, विमा, खराबी वगैरे धरून साठवणुकीचा एकूण खर्च मालाच्या किमतीच्या वार्षिक २० टक्के धरावा, असे आमच्या हिशेबनिसांनी सुचवले आहे.

ईओक्यूचे, म्हणजे एका वेळी किती माल मागवणे सर्वांत किफायतशीर ते काढण्याचे, सूत्र मला ठाऊक आहे, परंतु त्यात खोक्याची किंमत एकच धरलेली असते. किंमतच जर संख्येवर अवलंबून असेल, तर ते सूत्र कसे वापरावे? की सरळ सर्वांत कमी दराची ५,००० ची ऑर्डर द्यावी?

उत्तर १ – हिशेबवही (पुणे)

ताई, सूत्र तेच वापरायचे आहे, फक्त ते प्रत्येक दरासाठी स्वतंत्रपणे वापरून मग एकूण खर्चांची तुलना करायची आहे. १९१३ साली फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने हे सूत्र मांडले, तेव्हा त्यात खरेदीची किंमत स्थिर होती आणि म्हणून ती तुलनेतून गळून जात असे. आपल्या बाबतीत ती गळत नाही, त्यामुळे वर्षभराची खरेदी, ऑर्डरचा खर्च आणि साठवणुकीचा खर्च या तिन्हींची बेरीज मांडावी लागते.

सर्वांत कमी दरापासून सुरुवात करावी. वार्षिक गरज गुणिले ऑर्डर खर्च गुणिले २, भागिले एका खोक्याचा वार्षिक साठवण खर्च, आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ. ३७.८० च्या २० टक्के म्हणजे ७.५६ रुपये. त्यावरून उत्तर २,१८२ येते, पण एवढ्या खोक्यांना ३७.८० चा दर मिळतच नाही. म्हणून या टप्प्यासाठी तो दर मिळवून देणारी किमान संख्या, म्हणजे ५,०००, विचारात घ्यायची. ३८.५० च्या दराने उत्तर २,१६२ येते. ही संख्या २,००० ते ४,९९९ च्या टप्प्यात बसते, म्हणून ती ग्राह्य आहे. एकदा ग्राह्य उत्तर मिळाले की त्याहून महाग टप्पे पाहण्याची गरज उरत नाही, कारण तिथे दरही जास्त असतो आणि बाकीचा खर्चही कमी होत नाही.

आता उमेदवार दोनच राहिले. २,१६२ च्या ऑर्डरने खरेदी ४,६२,००० रुपये, ऑर्डर खर्च सुमारे ८,३२५ आणि साठवण खर्चही तेवढाच, मिळून ४,७८,६५०. ५,००० च्या ऑर्डरने खरेदी ४,५३,६००, ऑर्डर खर्च ३,६०० आणि साठवण खर्च १८,९००, मिळून ४,७६,१००. म्हणजे कागदावर ५,००० ची ऑर्डर वर्षाला २,५५० रुपयांनी स्वस्त पडते.

मात्र आपल्या सध्याच्या पद्धतीचाही हिशेब शेजारी मांडून पाहावा. दरमहा १,००० खोक्यांनी वर्षाचा खर्च ५,०२,००० होतो. याचा अर्थ असा की १,००० वरून २,००० च्या आसपास गेल्याने २३,००० रुपयांहून अधिक वाचतात आणि तिथून ५,००० वर उडी मारल्याने जेमतेम अडीच हजार. पहिला निर्णय आजच घ्यावा. दुसऱ्याचा निवांत विचार करावा. शिवाय नेमकी २,१६२ ही संख्या धरून बसण्याचेही कारण नाही. ऑर्डरच्या संख्येनुसार एकूण खर्चाचा वक्र काढला, तर त्याचा तळ इतका सपाट असतो की २,००० मागवल्यास वर्षाला फक्त ५० रुपये जास्त लागतात.

उत्तर २ – गोदामपाल (इचलकरंजी)

वरील गणित बरोबर आहे, परंतु त्यातला २० टक्क्यांचा आकडा मला फार तपासून घ्यावासा वाटतो, कारण सगळा निकाल त्याच्यावर टांगलेला आहे. हा आकडा २४.६ टक्के झाला की २,००० आणि ५,००० या दोन्ही ऑर्डरींचा खर्च सारखा होतो, आणि त्यापुढे २,००० चीच ऑर्डर स्वस्त ठरते. पुठ्ठ्याच्या खोक्यांसाठी हा आकडा पंचविसापर्यंत जाणे मुळीच अवघड नाही.

जागेचेच पाहा. सूत्र सरासरी साठ्यावर, म्हणजे निम्म्या ऑर्डरवर खर्च धरते. व्याजाच्या बाबतीत ते योग्य आहे. जागा मात्र सरासरीला नव्हे, तर माल उतरतो त्या दिवसाला पुरावी लागते. पाच प्लायचे घडी केलेले खोके साधारण सव्वा सेंटिमीटर जाड धरले, तर ५,००० खोक्यांच्या थप्प्या एकावर एक मिळून साठ मीटरच्या वर जातात. माणसाच्या उंचीच्या थप्प्या लावल्या तर तीसपेक्षा जास्त होतात. २,००० खोक्यांना तेरा-चौदा थप्प्या पुरतात. ५,००० च्या जादा थप्प्यांसाठी महिना ५०० रुपये भाड्याची एखादी खोली जरी घ्यावी लागली, तरी वर्षाचे ६,००० रुपये गेले आणि अडीच हजारांचा फायदा संपला. जागा आधीपासून रिकामी पडून असेल आणि तिचा दुसरा काही उपयोग नसेल, तर हा खर्च धरू नये, हेही तितकेच खरे.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. क्राफ्ट कागद हवेतला ओलावा ओढतो, खोक्याचा ताठपणा जातो आणि मग भरलेल्या खोक्यांची थप्पी लावली की तळातली खोकी दबतात. जूनच्या सुरुवातीला उतरलेला पाच महिन्यांचा साठा संपूर्ण पावसाळा गोदामात काढणार असतो. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून ठेवला तरी तळच्या आणि कडेच्या गठ्ठ्यांचे थोडेफार नुकसान होतेच. त्यातही आपण सांगलीत आहात. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णेचे पाणी शहरात कुठवर आले होते, हे आपल्याला मी सांगायला नको. गोदाम तळमजल्यावर सखल भागात असेल, तर जुलै-ऑगस्टमध्ये तिथे जितका कमी माल असेल तितके बरे. माझ्या मते मोठी ऑर्डर द्यायचीच असेल तर ती ऑक्टोबरनंतर द्यावी.

तिसरी गोष्ट छपाईची. खोक्यावर पत्ता, परवाना क्रमांक, वजन असे काहीही छापलेले असेल आणि त्यातले एक बदलले, तर उरलेली खोकी रद्दीच्या भावाने जातात. कोऱ्या खोक्यांना हा धोका नाही. छापील खोक्यांसाठी साठवण खर्चात आणखी दोन-तीन टक्के मिळवणे मला वाजवी वाटते.

उत्तर ३ – व्यापारगणित (नाशिक)

आपण दुसऱ्या पुरवठादारांकडूनही दर मागवाल असे गृहीत धरून एक सावधगिरी सांगतो. सवलतीचे दोन प्रकार असतात आणि दरपत्रकात ते बरेचदा सारखेच दिसतात. आपल्या पुरवठादाराची सवलत सगळ्या मालावर आहे. काही जण मात्र आयकराच्या टप्प्यांप्रमाणे फक्त पुढच्या नगांवर सवलत देतात.

समजा, दुसऱ्याने असे सांगितले की पहिल्या २,००० खोक्यांना ४० रुपये, पुढच्या ३,००० ना ३७.५० आणि ५,००० च्या पुढच्या प्रत्येक खोक्याला ३६ रुपये. ३६ हा आकडा ३७.८० पेक्षा आकर्षक दिसतो. येथे हिशेब वेगळा करावा लागतो, कारण सुरुवातीच्या महाग खोक्यांवर दिलेली जास्तीची रक्कम प्रत्येक ऑर्डरमागे एकदाच येते आणि म्हणून ती ऑर्डर खर्चात मिळवायची असते. तिसऱ्या टप्प्यासाठी ही रक्कम २,००० गुणिले ४, अधिक ३,००० गुणिले १.५०, म्हणजे १२,५०० रुपये होते. ऑर्डर खर्च १,५०० ऐवजी १४,००० धरून सूत्र वापरले की उत्तर ६,८३१ येते. तेवढ्या खोक्यांचा सरासरी दर ३७.८३ पडतो आणि वर्षाचा एकूण खर्च सुमारे ४,८२,४३५ होतो. मधल्या टप्प्याचे उत्तर ४,५६१ असून त्याचा खर्च आणखी जास्त, म्हणजे सुमारे ४,८४,७०५ आहे.

म्हणजे जवळजवळ सात महिन्यांचा साठा करूनही आपल्या सध्याच्या पुरवठादाराच्या २,००० खोक्यांच्या ऑर्डरपेक्षा हे महाग पडते. म्हणून दर विचारताना ‘हा दर सगळ्या मालाला की फक्त पुढच्या मालाला?’ हे स्पष्ट विचारावे आणि दरपत्रकावर लिहून घ्यावे.

जीएसटीचा प्रश्न आपण विचारलेला नाही, तरी नोंद करतो. आपल्याला कराची वजावट मिळत असेल, तर वरील सर्व दर कराशिवायचे धरावेत. कंपोझिशन योजनेत (लहान व्यावसायिकांनी उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी कर भरण्याच्या योजनेत) असाल तर वजावट मिळत नाही, तेव्हा कर हा किमतीचाच भाग समजून सगळे आकडे पुन्हा मांडावेत.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आमचे गोदाम तळमजल्यावरच आहे, त्यामुळे पावसाळ्याचा मुद्दा आम्हाला तंतोतंत लागू होतो. आज पुरवठादाराशी बोलणे झाले. सध्या आम्हाला ४५ दिवसांची उधारी मिळते. ३७.८० चा दर हवा असेल तर मात्र पैसे माल उतरताच द्यावे लागतील, असे ते म्हणाले. याचा हिशेब कसा धरावा?

उत्तर ४ – हिशेबवही (पुणे)

हा मुद्दा निर्णायक आहे. उधारी दोन्ही दरांना सारखी असती, तर तिचा तुलनेवर फारसा परिणाम झाला नसता, कारण ऑर्डर केवढीही असली तरी प्रत्येक खोक्याचे पैसे तितकेच दिवस उशिरा गेले असते. पण येथे ती एका दराला आहे आणि दुसऱ्याला नाही. ३७.८० रुपयांवर १२ टक्क्यांनी ४५ दिवसांचे व्याज ५६ पैसे होते. आपल्याला मिळणारी जादा सवलत ७० पैसे आहे. वर्षाच्या १२,००० खोक्यांवर उधारी गमावल्याचा खर्च सुमारे ६,७०० रुपये होतो. तो २,५५० च्या फायद्यातून वजा केला की ५,००० ची ऑर्डर चार हजारांहून अधिक तोट्याची ठरते. आपल्या २० टक्क्यांना हात न लावतासुद्धा हा निकाल येतो.

तेव्हा तूर्त २,००० ची ऑर्डर आणि ४५ दिवसांची उधारी हेच योग्य. पुरवठादार स्वतः सूक्ष्म किंवा लघुउद्योगात नोंदलेला असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार करूनही उधारी ४५ दिवसांपेक्षा जास्त ठरवता येत नाही. म्हणून तिथे अधिक ताणण्याचा प्रयत्न करू नये.

उत्तर ५ – गोदामपाल (इचलकरंजी)

एक पर्याय अजून बोलून पाहण्यासारखा आहे. खोकीवाल्याला मोठी ऑर्डर हवी असते ती मुख्यतः मशिनची मांडणी आणि छपाईचा ब्लॉक एकदाच लावून सलग माल काढता यावा म्हणून. तो सगळा माल त्याच दिवशी आपल्या दारात उतरलाच पाहिजे, असा त्याचा आग्रह असेलच असे नाही. ऑर्डर ५,००० ची द्यावी, पण माल २,५०० च्या दोन हप्त्यांत उचलावा आणि प्रत्येक हप्त्याचे बिल त्या त्या वेळी, नेहमीच्या उधारीने करावे, असा प्रस्ताव ठेवावा.

३७.८० च्या दराने हे जमले, तर खरेदी ४,५३,६००, वाहतूक वगैरे ७,२०० आणि साठवण ९,४५०, मिळून ४,७०,२५० होतात. माल आपल्यासाठी सांभाळावा लागतो म्हणून त्याने दर ३८ रुपये केला, तरीही एकूण ४,७२,७०० च होतात, म्हणजे २,१६२ च्या ऑर्डरपेक्षा जवळपास सहा हजारांनी कमी. तेव्हा बोलणी करताना ३८ रुपयांपर्यंत थांबायला आपल्याला पुरेशी मोकळीक आहे. मात्र दुसरा हप्ता किती दिवसांत उचलायचा आणि तोवर त्याच्या गोदामात भिजलेल्या मालाची जबाबदारी कोणाची, या दोन्ही गोष्टी ऑर्डरच्या कागदावरच लिहून घ्याव्यात.