फाळक्यांना भागीदार का घ्यावे लागले?

सिनेपाखरू
दादासाहेब फाळके स्वतंत्र निर्माते होते ते जेमतेम १९१२ ते १९१७. १ जानेवारी १९१८ ला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली आणि भागीदार आले. 'राजा हरिश्चंद्र' चालला होता, 'लंकादहन' तर तुफान चालला. मग दुसऱ्याच्या भांडवलाची गरज का पडली? आणि फाळके 'सगळं घरातच करायचे' असं सांगतात, म्हणजे नेमकं काय काय? त्यांच्यावरचे लेख बायकोच्या गहाण दागिन्यांच्या पुढे सरकत नाहीत.

रीळकांडी
आधी दुसऱ्या प्रश्नाचं. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन बनावटीचा कॅमेरा आला, त्यासोबत फिल्मला भोकं पाडायचं यंत्रही आलं, कारण कोरी फिल्म बिनभोकांची यायची. ३५ मिमीला एका कडेने फुटाला ६४ भोकं, दोन्ही कडांची १२८. 'राजा हरिश्चंद्र' ३७०० फूट. म्हणजे नुसत्या निगेटिव्हला पावणेपाच लाखांच्या आसपास भोकं, शिवाय वाया गेलेली फिल्म वेगळी आणि प्रत्येक प्रतीला पुन्हा तेवढीच. हे काम फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्री करत. त्या काळची फिल्म लाल रंगाला आंधळी, त्यामुळे लाल दिव्यात हाताळता येई. अंतर केसभर चुकलं तरी पडद्यावर चित्र थरथरतं, आणि फार चुकलं तर प्रोजेक्टरचे दाते भोकं फाडतात.

आंधळेपणाची दुसरी बाजू चित्रीकरणात दिसते. कपाळावरचं लाल कुंकू काळंकुट्ट येतं, निळं आकाश पांढरंफटक. रंगभूषा डोळ्यांना बरी दिसते यावर जाऊन चालत नाही.

कॅमेऱ्याच्या हँडलच्या एका फेऱ्यात ८ फ्रेम (सुटी छायाचित्रं), सेकंदाला दोन फेरे. हात मंदावला की प्रत्येक फ्रेमवर जास्त उजेड पडतो आणि पडद्यावर माणसं धावत सुटतात. ऊन होतं तोवर चित्रीकरण, रात्री धुलाई. धुलाईचं पाणी तापलेलं असेल तर जिलेटिनचा थर मऊ पडून सुटतो, उन्हाळ्यात हे मोठंच दुखणं.

हिशेबनीस
आता पैशाचं. चित्रपट चालला म्हणजे हातात पैसा आला, असं तेव्हा होत नसे. एक प्रत एका वेळी एकाच गावी चालते. दुसऱ्या गावी एकाच वेळी लावायचा तर आणखी ३७०० फूट कोरी फिल्म विकत घ्या, भोकं पाडा, छापा, धुवा. कमाई तुकड्यातुकड्यांनी परत येणार, आणि फिल्मचे पैसे मात्र आधी मोजायचे.

त्यात १९१४ चं महायुद्ध. कच्चा माल सगळा बोटीने येणारा. तो महागला आणि अनियमित झाला. कर्ज देणाऱ्यांनीही हात आखडला. लंडनला जाताना विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले होते, पण पॉलिसी एकदाच गहाण पडते. 'लंकादहन' १९१७ चा, म्हणजे मधली वर्षं जवळजवळ कोरडी. माझ्या मते भागीदारीचं कारण अपयश नव्हतंच, खेळत्या भांडवलाची टंचाई होतं.

वामन श्रीधर आपटे प्रभृती भागीदारांनी पैसा घातला आणि मग खर्च किती, दिवस किती हे विचारू लागले. ते त्यांच्या जागी बरोबर होते. फाळक्यांना मात्र एका ट्रिकशॉटसाठी लागतील तितके दिवस घ्यायची सवय. 'कालिया मर्दन'च्या वर्षीच, १९१९ मध्ये, ते बाहेर पडले, काशीला जाऊन 'रंगभूमी' नाटक लिहिलं, आणि १९२२ ला त्याच कंपनीत परतले.

सिनेपाखरू
धन्यवाद दोघांनाही. वाटाण्याच्या रोपाची ती छोटी फिल्म, 'अंकुराची वाढ', 'रोज एक फ्रेम' अशी महिनाभर घेतली असं सगळीकडे वाचतो. खरं का?

रीळकांडी
गणित करा की. ३० दिवस, ३० फ्रेम, म्हणजे पडद्यावर दोन सेकंदही नाहीत. मिनिटभराची फिल्म हवी तर ९६० फ्रेम लागतात. महिन्यात बसवायच्या तर दिवसाला ३२. कुंडी आणि कॅमेरा जराही न हलवता. 'रोज एक' ही सांगोवांगी.

बाल्कनीची_खुर्ची
अवांतर: 'हरिश्चंद्र'च्या एका जाहिरातीत ५७,००० छायाचित्रं आणि दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत, असा दावा होता. वरच्या हिशेबाने फुटाला ६४ भोकं, एका फ्रेमला चार, म्हणजे फुटाला १६ फ्रेम: ३७०० × १६ = ५९,२००. म्हणजे छायाचित्रांचा आकडा जवळजवळ बरोबर, उलट थोडा कमीच सांगितलाय. दोन मैल मात्र १०,५६० फूट होतात. चित्रपट त्याच्या जेमतेम एक तृतीयांश.

हिशेबनीस
+१. प्रेक्षक फ्रेम मोजत नाही, मैलही मोजत नाही. तीन आणे मात्र मोजतो.