१९६७ ची जीटीओ: पांढऱ्या धुरासाठी इंजिन उघडावे का?

प्रश्न: मी डेट्रॉईटजवळ राहतो. माझ्या १९६७ च्या पाँटिॲक जीटीओला ४०० घनइंचांचे व्ही-८ इंजिन आणि टर्बो-हायड्रामॅटिक ४०० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि गिअरबॉक्सचे तेल कमी होते, पण खाली एक थेंबही सांडलेला दिसत नाही. इंजिन उघडावे का?

उत्तर १: एवढ्यात नको. या गिअरबॉक्सच्या बाजूला व्हॅक्यूम मॉड्युलेटर नावाची पत्र्याची डबी असते. तिच्यातील पडदा फाटला की इंजिन व्हॅक्यूमच्या (इंजिनच्या शोषणाच्या) नळीतून गिअरबॉक्सचे लाल तेल ओढून घेते आणि जाळते. नळी काढून पाहा, आत तेल असेल तर निदान झालेच. डबी एकाच बोल्टवर बसते, त्यामुळे काम किरकोळ आहे.

उत्तर २: सहमत. पुढे इंजिन बांधायची वेळ आलीच आणि मूळ पद्धतीचा फ्लॅट टॅपेट कॅमशाफ्ट (सपाट तळाच्या टॅपेटमार्फत इंजिनच्या झडपा उघडणारा, उंचवट्यांचा दांडा) नवा बसवलात, तर झिंकचे प्रमाण जास्त असलेले तेलच वापरा, डिस्ट्रिब्यूटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) काढून ड्रिलने ऑइल पंप फिरवून आधी दाब तयार करा आणि सुरू होताच सुमारे २० मिनिटे इंजिन २००० आरपीएमच्या खाली येऊ देऊ नका. आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता मंद गतीवर, ठेवलेल्या नव्या कॅमचे उंचवटे झिजतात आणि सगळे मुसळ केरात जाते.

प्रश्नकर्ता: नळी तेलाने चिंब निघाली. मॉड्युलेटर मागवला आहे.